सासऱ्यांच्या घोट्यातले न दिसणारे स्क्रू

"भोक दिसतंय! भोक! पण स्क्रू कुठाय? मला स्क्रू दाखवा!"

माझे सासरे ओरडत होते. एक्स-रेची फिल्म त्यांनी दवाखान्याच्या खिडकीच्या काचेला अशी दाबून धरली होती की खालच्या रिक्षावाल्यांनाही त्यांचा डावा घोटा आतून बघता यावा. आवाज म्हणाल तर नौपाड्यातून निघून तलावपाळीला वळसा घालून परत येत होता. बाहेर बाकावर गुडघे धरून बसलेली माणसं ताडकन उठून उभी राहिली. त्यातल्या एका आजींचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला आणि त्या फी न देता घरी गेल्या, असं मी पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं आहे आणि अजून कोणी ते खोडून काढलेलं नाही.

डॉक्टर तरुण होते, पण ठाण्यात दवाखाना चालवायचा म्हणजे काय याची त्यांना पूर्ण कल्पना होती. ते शांतपणे म्हणाले, "काका, हे स्क्रू एक्स-रेत दिसत नाहीत. स्टीलचे दिसतात. तुमचे शरीरात हळूहळू विरघळणारे आहेत. या दोन बारीक काळसर रेषा आहेत ना, तिथेच ते आहेत."

"त्या रेषा म्हणजे भोकं."

"हो, आणि भोकांत स्क्रू आहेत."

"डॉक्टर," सासऱ्यांनी आवाज खाली आणला, आणि ते जास्त भयंकर होतं. "सगळी हयात मी कोलशेतच्या कारखान्यात बोल्ट तपासण्यात घालवली. भोक पाडून ठेवलंय आणि आत काहीच नाही, असा माल मी ढिगाने परत पाठवलाय. कामगार मला सांगायचे, साहेब, बसवलाय, फक्त दिसत नाही. त्यांना मी काय म्हणायचो माहितीय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मला माहीत होतं.

"रिजेक्ट!"

हा शब्द त्यांनी कारखान्यातून निवृत्त होताना घरी आणला. बाकीचे लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. यांनी शब्द आणला, आणि सोबत व्हर्नियर नावाचं ते स्टीलचं मापयंत्र, ज्याच्या जबड्यात वस्तू धरली की केसाएवढा फरकही कळतो. त्या दोन हत्यारांनी त्यांनी अख्खा नौपाडा तपासून काढला. भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट. गणपतीच्या मंडपाचा खांब रिजेक्ट. लग्नाच्या वेळी मीसुद्धा आधी रिजेक्टच झालो होतो, कारण मुलगा चांगला होता पण डोंबिवलीचा होता. ठाण्याच्या जुन्या माणसाच्या लेखी कळव्याची खाडी ओलांडली की पुढे संस्कृती नाही, नुसती लोकसंख्या आहे. पुढे बायकोने दोन वेळचं जेवण सोडलं, म्हणजे घरी सोडलं आणि माझ्याबरोबर हॉटेलात खाल्लं, तेव्हा त्यांनी मला पास केलं. तेही सरळ नाही. कारखान्यात मापात नसलेला माल नाइलाजाने घ्यावा लागला तर त्याला 'डेव्हिएशनवर पास' म्हणतात. लग्नाच्या मांडवात त्यांनी माझी ओळख त्यांच्या साहेबांना नेमकी अशीच करून दिली. साहेब पोट धरून हसले. मी आहेर घेतला.

अशा माणसाचा घोटा मोडणार कसा? तर तपासताना. त्यांच्या इमारतीसमोर पालिकेचा कंत्राटदार पदपथावर पेव्हर ब्लॉक बसवत होता. हे काठी न घेता खाली उतरले, आणि एका ब्लॉकवर उभे राहून कंत्राटदाराला सांगू लागले की हा ब्लॉक लेव्हलमध्ये नाही, हलतोय, हा रिजेक्ट. ब्लॉक खरोखरच हलत होता. त्याने ते ताबडतोब सिद्ध केलं. सासरे एकीकडे गेले, घोटा दुसरीकडे गेला, आणि कंत्राटदार, मला नंतर कळलं, तिसरीकडे गेला आणि पुन्हा दिसला नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी समजावून सांगितलं होतं. घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडाचा एक तुकडा सुटला होता, चुरा झाला नव्हता. असा तुकडा जागेवर बसवून स्क्रूने धरून ठेवायचा. स्टीलचे स्क्रू घालता येतात, पण ते टोचले किंवा त्रास द्यायला लागले तर पुढे पुन्हा छोटं ऑपरेशन करून काढावे लागतात. दुसरा पर्याय विरघळणाऱ्या स्क्रूंचा. हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवतात, मग वर्षा-दोन वर्षांत शरीर त्यांना हळूहळू जिरवतं. काढायला पुन्हा कापाकापी नको. प्रत्येक फ्रॅक्चरला चालत नाहीत, काहींना थोडी सूज येते, पण काकांचं फ्रॅक्चर त्यातलं आहे.

आम्हाला वाटलं, स्टीलवर ज्याचं पोट चाललं तो माणूस स्टीलच मागणार. सासरे स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाले, "स्टील नको. महिनाअखेरीला माल भरायची घाई असली की कारखान्यात काय काय पास होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. विरघळणारे घाला."

म्हणजे निवड त्यांचीच. हे इथे लिहून ठेवतो, कारण नंतर घरातल्या प्रत्येकाने ती माझी होती असं ठरवलं.

ऑपरेशन झालं. नौपाड्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून सासरे आणि सासूबाई आमच्याकडे आले, डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या अलीकडे. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. ती चालतेही, फक्त तिची मर्जी सांभाळावी लागते. जी डोंबिवली त्यांनी शिक्का मारून परत पाठवली होती तिच्याच पोटात पाय वर करून पडायची वेळ आली. मी त्यांना हे एकदाही बोलून दाखवलं नाही. रोज फक्त विचारायचो, "बाबा, डोंबिवलीची हवा मानवतेय ना?"

"हवा?" ते म्हणायचे. "कुठाय? दाखव."

मग भेटायला येणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. विरघळणारे स्क्रू ही बातमी ठाण्यापासून कल्याणपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात रिक्षाला शेअरचं चौथं माणूसही मिळत नाही. बायकोची मावशी आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि गीझर बंद करून आली. "गरम पाण्याने आंघोळ नको हो भावजी. वितळतील." शेजारचे काका म्हणाले, चहासुद्धा कोमट घ्या, शेवटी पोटातून पायातच उतरतो. एकाने तर हळूच विचारलं की स्क्रू विरघळून गेल्यावर तुकडा निसटत नाही का? हाड तोवर जुळलेलं असतं हो, असं मी सांगितलं, पण तोवर सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि भेटायला आलेल्या माणसाने बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं होतं.

त्यात तो शब्द. आमच्या सोसायटीच्या जिन्यात पालिकेचा फलक आहे: ओला कचरा, बायोडिग्रेडेबल, हिरवा डबा. एक दिवस लिफ्ट रुसली म्हणून आम्ही त्यांना खुर्चीत बसवून जिन्यातून नेत होतो. फलकासमोर त्यांनी हात वर करून मिरवणूक थांबवली आणि मोठ्याने वाचलं.

"बायोडिग्रेडेबल. डॉक्टरांच्या कागदावर हाच शब्द आहे."

"हो बाबा, पण तो..."

"केळ्याची सालं, शिळा भात आणि मी. बरोबर?"

"तसं नाही हो."

"मग कसं, ते सांगा. खुर्ची खाली ठेवू नका, नुसतं सांगा."

खुर्चीचा पुढचा भाग मी धरला होता. सासऱ्यांचं वजन त्या काळात साधारण एका छोट्या ट्रकएवढं होतं. अशा अवस्थेत पॉलिमरवर व्याख्यान देता येत नाही.

तरी इथपर्यंत सगळी गंमतच होती. गंमत संपली ती त्या एक्स-रेच्या दिवशी. कारण डॉक्टरांनी ओरडणं संपू दिलं आणि मग मुद्द्याचं सांगितलं: हाड छान जुळतंय. आता पाय खाली टेकवायचा. वॉकर धरून, थोडा थोडा भार द्यायचा, रोज वाढवायचा.

"कशाच्या भरवशावर?" सासरे.

"हाडाच्या, काका. आता भार स्क्रूवर नाही, हाडावर आहे."

"आणि स्क्रू?"

"ते त्यांचं काम करतायत."

"दिसत नाहीत, पण काम करतायत." सासरे सासूबाईंकडे वळले. सासूबाई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "ऐकलंस? हे तुझ्या देवासारखं झालं."

"मी कधी त्याचा एक्स-रे मागितला नाही," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. पुढचं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "आता पाय टेकवला नाही तर घोटा आखडेल. एकदा आखडला की मग स्टील काय आणि विरघळणारे काय, काही उपयोग नाही. जिने चढणं विसरा."

जिने चढणं विसरा म्हणजे नौपाडा विसरा. तिसरा मजला विसरा. तिथली संध्याकाळची बैठक, वाण्याच्या तराजूवरची नजर, पदपथावरचे हलणारे ब्लॉक, सगळं विसरा. आणि मी कोणापासून लपवू? आमचाही हॉल विसरा. सासरे आमच्याकडे आले त्या दिवसापासून माझ्या घरातली एकही वस्तू निर्दोष राहिली नव्हती. दाराची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. बायकोच्या पोळ्या गोल होत्या पण सारख्या जाडीच्या नव्हत्या. हे व्हर्नियरने सिद्ध झालं, त्यानंतर एक दिवस घरात पोळ्या झाल्या नाहीत. हा माणूस परत ठाण्याला चालत जाणं ही माझी नितांत, प्रामाणिक, कौटुंबिक गरज होती.

घरी आल्यावर बायकोने वॉकर समोर ठेवला. "बाबा, उठा."

"नाही."

"डॉक्टर म्हणाले ना?"

"डॉक्टर म्हणाले स्क्रू आहेत. मला भोकं दिसली. मी भोकांवर उभा राहणार नाही."

बायको रडली, ओरडली, व्हिडिओ दाखवले. मी दोन्ही हातांनी घोट्याची रचना करून दाखवली. सासूबाई भाजी निवडत बसल्या. पाय स्टुलावर तसाच. दिवसामागून दिवस जायला लागले आणि सासऱ्यांचा तो पाय हळूहळू त्या स्टुलाचाच भाग दिसायला लागला.

एका संध्याकाळी मी आणि ते बाल्कनीत बसलो होतो. समोर इमारत, तिच्या मागे इमारत, आमच्याकडे दृश्य म्हणजे तेवढंच. ते अचानक, एकही शब्द न मोजता, म्हणाले, "जावईबापू, मोडला तेव्हाचा आवाज मी ऐकलाय."

मी हातातला चहा कठड्यावर ठेवला.

"कारखान्यात बोल्ट ताणून तोडायचे. किती वजनाला तुटतो ते बघायला. तुटायच्या आधी तो काही सांगत नाही. एकदम कट्. तसाच आला." त्यांनी पायाकडे पाहिलं. "आत काय आहे ते दिसलं असतं तर उभा राहिलो असतो."

मी त्यांच्या पायाखालचं स्टूल थोडं जवळ सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी नौपाड्यात गेलो आणि डॉक्टरांकडे हट्ट धरला. त्यांच्या कपाटात कंपनीने दाखवायला दिलेला, मुदत संपलेला तसाच एक स्क्रू होता. फिकट, दुधी रंगाचा, करंगळीच्या पेरापेक्षा थोडा लांब. इतका हलका की मी तो खिशात घालून स्टेशनपर्यंत येताना वाटेत चार वेळा चाचपला. तो मी सासऱ्यांच्या हातात ठेवला.

त्यांचे डोळे! मुलगी झाली तेव्हा इतके चमकले नसतील. तो त्यांनी उलटा केला, सुलटा केला, नखाने आटे मोजले, व्हर्नियरच्या जबड्यात धरला. घर श्वास रोखून उभं होतं.

"मापात आहे," ते म्हणाले. बायकोने देवाला हात जोडले. "पण विरघळतो किती दिवसांत ते बघायला हवं."

"बाबा, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात."

"असं ते म्हणतात."

आणि प्रयोग सुरू झाला. स्टीलची एक वाटी, त्यात मीठ घातलेलं पाणी, कारण शरीरात म्हणे तेच असतं, आणि पाण्यात स्क्रू. वाटी कुठे ठेवायची? शरीराइतकी ऊब हवी. घरभर हात लावत फिरायची त्यांची सोय नव्हती, म्हणून मला फिरवलं. फ्रिजचा माथा रिजेक्ट, खिडकी रिजेक्ट, स्वयंपाकघराचा ओटा रिजेक्ट. शेवटी टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स पास झाला. तो तापतो. फक्त टीव्ही चालू राहिला पाहिजे.

त्या दिवसापासून आमच्या घरात टीव्ही बंद झाला नाही. सकाळी भविष्य, दुपारी पाककृती, संध्याकाळी सुनांचे छळ, त्यानंतर बातम्यांत भांडणं, सगळं त्या स्क्रूसाठी. एकदा वीज गेली तर सासऱ्यांनी वाटी मला छातीशी धरून बसायला लावलं. मी बसलो. खोटं सांगत नाही, शर्टाच्या आत धरून बसलो, आणि वीज आली तेव्हा माझ्या छातीवर वाटीचा गोल उमटला होता. तो अजून आहे. बायको म्हणते नाही.

रोज सकाळी वाटी त्यांच्याकडे न्यायची, ते स्क्रू पुसून मोजायचे आणि म्हणायचे, "तेवढाच." चार दिवस आम्हाला आनंद झाला. टिकतोय म्हणजे पायातलाही टिकतोय. मग एका सकाळी त्यांनी व्हर्नियर खाली ठेवलं आणि भुवई वर केली.

"विरघळत नाही."

"म्हणजे चांगलंच ना बाबा!"

"चांगलं? विरघळणारा म्हणून घातला आणि विरघळतच नाही? हा साधा प्लास्टिकचा आहे. फसवलं!"

मी खाली बसलो. दवाखान्यात या माणसाची तक्रार होती की स्क्रू नाहीत. मग होती की विरघळून जातील. आता होती की विरघळत नाहीत. एकाच घोट्यावर तीन तक्रारी, तिन्ही एकमेकींच्या उरावर बसलेल्या, आणि पाय स्टुलावर तो स्टुलावरच.

"अहो," आतून सासूबाई म्हणाल्या, "तो वॉकर घ्या ना हातात."

"आधी निकाल लागू दे."

"कशाचा?"

"स्क्रूचा!"

कुकरची शिट्टी झाली.

त्यानंतर दोन-तीन सकाळी अशाच गेल्या. मग एकदा, मी दाढी करत असताना, हॉलमधून असा काही आवाज आला की माझ्या हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं.

"गेला! अगं, गेला! स्क्रू गेला!"

मी तोंडाला फेस घेऊन बाहेर धावलो. बायको ऑफिसची बॅग खांद्यावर घेऊन दारातून परत फिरली. टीव्हीवर कोणीतरी कन्या राशीला धीर देत होतं. सेट-टॉप बॉक्सवर वाटी नव्हती. नुसता मिठाचा पांढरा गोल होता.

आणि समोरच्या खुर्चीत सासरे नव्हते.

"काल होता! सकाळी नाही! म्हणजे एका रात्रीत विरघळला! वाटीसकट!" आवाज स्वयंपाकघरातून येत होता. "म्हणजे पायातला कधीच गेला! अगं, बघ तरी! पायातला पण गेला!"

वॉकर जागच्या जागी उभा होता, त्याच्यावर सासूबाईंनी पंचा वाळत टाकला होता. स्टूल आडवं पडलं होतं. आणि सासरे ओट्यापाशी उभे होते. दोन्ही पायांवर. डावी टाच जमिनीला टेकलेली, एक हात ओट्यावर, दुसरा हात हवेत, आणि ते सासूबाईंना पटवून देत होते की त्यांच्या घोट्यात आता काहीही उरलेलं नाही.

खुर्चीपासून ओट्यापर्यंत आमचा अख्खा हॉल आहे. डोंबिवलीतला हॉल, मान्य. तरी हॉल.

बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले. माझ्या हनुवटीवरून फेस फरशीवर पडला. सासूबाईंनी गॅस बारीक केला, वळून नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बघते ना. तुम्ही तुमच्या पायांवर उभे आहात."

सासऱ्यांनी खाली पाहिलं. पायाकडे, मग खुर्चीकडे, मग मधल्या फरशांकडे. त्यांचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला. मला वाटलं, आता पडतात. मी पुढे झालो तर त्यांनी मलाच दटावलं, "थांब!" मग त्यांनी डाव्या पायावर थोडा भार दिला. थांबले. कान दिले. खरंच कान दिले, मान तिरकी करून, कारखान्यात बोल्टला द्यायचे तसे. थोडा आणखी भार दिला.

काहीच आवाज आला नाही.

"हं," ते म्हणाले.

एवढंच. मग ते ओट्याच्या कडेकडेने, कपाटाला धरत, भिंतीला धरत, खुर्चीपर्यंत परत गेले. दुखत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, पण गेले. बसल्यावर त्यांनी वॉकरवरचा पंचा काढला, घडी केली आणि वॉकरची चारही पावलं एका उंचीची आहेत का ते तपासायला लागले. एक म्हणे आखूड होतं. बायको तिथेच खाली बसून रडली आणि तिची गाडी चुकली.

पुढे ते रोज चालले. आधी हॉल, मग पॅसेज, मग जिना, आणि एक दिवस नौपाड्याचे तिन्ही मजले, प्रत्येक पायरीची उंची सारखी नाही अशी तक्रार करत. स्क्रू आत आहेत का, विरघळतायत का, हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्यांनी काढला तर म्हणायचे, "तो निकाल लागलाय." काय लागला ते सांगायचे नाहीत.

पण माझं डोकं शांत बसेना. मला काही ती वाटी आपोआप विरघळलेली पटली नव्हती. मी सासूबाईंना मनातल्या मनात केव्हाच देव्हाऱ्यात बसवलं होतं. बायको रडली, डॉक्टर थकले, मी वाटी छातीशी धरून बसलो, आणि या बाईने एक शब्द न बोलता नवऱ्याच्या नजरेसमोरची वाटी काढून त्यांना उभं केलं! असा डाव आमच्या अख्ख्या खानदानात कोणी टाकलेला नाही. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली, नाक्यावर सांगितली, आणि प्रत्येक वेळी तिच्यात सासूबाई जास्त जास्त धोरणी होत गेल्या.

ते ठाण्याला परत गेले त्या दिवशी सामान पोचवायला मी गेलो होतो. सासरे खिडकीतून पदपथाकडे बघत होते. सासूबाई स्वयंपाकघरात डबे लावत होत्या. मी आत जाऊन दार लोटलं आणि हळू आवाजात म्हटलं, "आई, आता तरी सांगा. तो स्क्रू तुम्ही मुद्दाम टाकलात ना? ते उठावेत म्हणून?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलंय का बघितलं.

"वाटी हवी होती," त्या म्हणाल्या.